घरभर दिव्यांची मदार नाण्याएवढ्या सेलवर

प्रतिनिधी

साध्या घरातील विजेच्या बटणाला लक्षात ठेवण्याजोगे काहीही नसते. बटण दाबले की तारेतील खंड जुळतो, प्रवाह वाहू लागतो आणि दिवा लागतो. वीज गेली आणि चार तासांनी परत आली, तरी बटणाच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. मात्र गेल्या शतकाच्या अखेरच्या पंधरा वर्षांत अमेरिकेत आणि काही प्रमाणात युरोपात बांधल्या गेलेल्या प्रशस्त घरांची गोष्ट वेगळी आहे. या घरांतील भिंतीवरच्या बटणाचा दिव्याशी थेट संबंधच नसतो. बटण दाबले की एक बारीकसा संदेश तळघरातील किंवा अडगळीच्या खोलीतील पेटीकडे जातो. त्या पेटीतील नियंत्रक हा संदेश वाचतो, त्याचा अर्थ आपल्या नोंदवहीत शोधतो आणि मग दिवाणखान्यातील सहा दिवे साठ टक्के, जिन्यातील दोन दिवे वीस टक्के आणि अंगणातील दिवे पूर्ण प्रकाशाने लावण्याचा हुकूम सोडतो.

ही नोंदवही एका मेमरी चिपमध्ये असते. तिच्यातील अक्षर न् अक्षर टिकवून धरण्याचे काम यांपैकी अनेक यंत्रणांत एका छोट्या बॅटरीकडे सोपवलेले आहे. बॅटरीचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे धरलेले असते. घरे मात्र आता पंचवीस-तीस वर्षांची झाली आहेत. बसवणारा कंत्राटदार व्यवसाय सोडून गेला, घरमालक दोनदा बदलला, माहितीपुस्तिका हरवली आणि ती बॅटरी अजून तिथेच आहे, अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते. अशा घरात एके दिवशी वीज जाते आणि परत येते, तेव्हा भिंतीवरची सगळी बटणे मुकी झालेली असतात. जिना, स्नानगृह, स्वयंपाकघर कुठलाच दिवा लागत नाही, किंवा उलट सगळे दिवे पेटतात आणि काही केल्या विझत नाहीत. बिघाड ना दिव्यांत असतो, ना तारांत. घर आपले दिवे विसरलेले असते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथे जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न परका नाही. घर पाहताना छप्पर, वाळवी आणि पाण्याचे नळ तपासले जातात. भिंतीतील त्या पेटीचे झाकण उघडून आतील बॅटरी किती जुनी आहे, हे सहसा कुणी पाहत नाही.

घरातील विजेची उपकरणे दुरून हाताळण्याची पहिली लोकप्रिय पद्धत म्हणजे 'एक्स-१०'. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील 'पिको इलेक्ट्रॉनिक्स' या कंपनीने ती १९७५ मध्ये तयार केली. कंपनीचा हा दहावा प्रकल्प, म्हणून हे नाव. घरातील विजेच्या तारांतूनच संदेश पाठवायचे, वेगळी तार ओढायची नाही, ही त्यातील खुबी होती. प्रत्येक दिव्याच्या डबीवर दोन चकत्या असत. एकीवर सोळा अक्षरे आणि दुसरीवर सोळा आकडे, म्हणजे एकूण २५६ पत्ते. चकती फिरवून ठेवली की ती तशीच राहते. त्यामुळे या डब्यांना मेमरी लागत नसे आणि बॅटरीही नाही. मेमरीची गरज भासली ती दिव्यांना वेळापत्रक लावायचे ठरल्यावर. १९८० च्या दशकात आलेल्या 'सीपी-२९०' या संगणकाला जोडायच्या पेटीत १२८ वेळा साठवता येत आणि त्या टिकवण्यासाठी नऊ व्होल्टची साधी बॅटरी बसवावी लागे. ही बॅटरी हातानेच बदलता येई, म्हणून त्या पेटीची फारशी कुणाला धास्ती नव्हती.

प्रश्न गुंतागुंतीचा झाला तो मोठ्या, केंद्रीय यंत्रणांमुळे. घरगुती डिमर १९५९ मध्ये शोधून काढणाऱ्या जोएल स्पायरा यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेली 'लुट्रॉन', त्याचप्रमाणे 'व्हँटेज' आणि 'लाइटटच' ही अमेरिकी बाजारातील जाणती नावे. यांपैकी व्हँटेज २००६ मध्ये 'लेग्रां' या फ्रेंच उद्योगसमूहाकडे, तर लाइटटच २०१२ मध्ये 'सॅव्हंट'कडे गेली. मालकी बदलली की जुन्या उत्पादनांचे सुटे भाग आणि जुनी सॉफ्टवेअर मिळणे हळूहळू अवघड होत जाते, हे ओघानेच आले. ऑस्ट्रेलियातील 'क्लिप्सल' कंपनीच्या 'सी-बस' यंत्रणेने वेगळी वाट धरली. तिच्यात मध्यवर्ती मेंदू अनिवार्य नाही. प्रत्येक बटणपट्टी आणि प्रत्येक डिमर आपापली माहिती स्वतःपाशीच कायमस्वरूपी मेमरीत ठेवतो. एक बटणपट्टी बिघडली तर तेवढेच बटण बंद पडते, घर बंद पडत नाही. ही रचना अधिक शहाणपणाची होती, असे आज मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते.

मग बाकीच्यांनी बॅटरीवर विसंबणारी मेमरी का निवडली? त्या काळचा हिशेब पाहिला तर उत्तर सापडते. माहिती कायम टिकवणाऱ्या 'ईईप्रॉम' चिप तेव्हा महाग होत्या, आकाराने छोट्या होत्या, त्यात लिहिण्याचा वेग कमी होता आणि एकाच जागी किती वेळा लिहिता येईल यालाही मर्यादा होती. आज आपल्या मोबाइलपासून कॅमेऱ्यापर्यंत सर्वत्र असलेल्या 'फ्लॅश' मेमरीची कल्पना तोशिबाचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जाहीर केली खरी, पण ती स्वस्त होऊन घरगुती उपकरणांत शिरेपर्यंत १९९० चे दशक बरेचसे सरले होते. याउलट 'स्टॅटिक रॅम' ही चिप वेगवान, भरवशाची आणि हवी तितक्या वेळा लिहिता-खोडता येणारी. तिची एकच अट असते. वीज क्षणभर जरी तुटली, तरी आतील सगळे पुसले जाते.

या अटीवर तोडगा काढला तो लिथियमच्या सेलने. स्टॅटिक रॅम नुसती माहिती धरून बसलेली असते, तेव्हा तिला लागणारा प्रवाह फारच थोडा असतो. काही मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट. आपल्या परिचयाचा 'सीआर २०३२' हा नाण्याएवढा सेल घ्या. नावातील आकडे त्याचे मापच सांगतात: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. दाब तीन व्होल्ट आणि साठा साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. चिपला तीन मायक्रोअँपिअर लागत असतील, तर हा सेल एकटाच ७५ हजार तास, म्हणजे साडेआठ वर्षे ती सांभाळू शकेल. प्रत्यक्षात तर मुख्य वीज चालू असताना चिपला सेलची गरजच नसते. सर्किटमधील डायोड मुख्य वीज आहे तोवर सेलला बाजूला ठेवतो आणि ती जाताच पुढे आणतो. महिन्यातून दोन तास वीज जात असेल, तर वर्षाकाठी सेलला २४ तासांचेच काम पडते. कागदावरच्या या हिशेबाने सेल कित्येक दशके टिकायला हवा.

पण सेल वापरला नाही तरी झिजतो. लिथियमचा चांगला सेल नुसता पडून असताना थंड जागी वर्षाला सुमारे एक टक्का साठा गमावतो. उष्णता वाढली की हा वेगही वाढतो. दिव्यांचे डिमर चालताना तापतात आणि ज्या पेटीत डिमर असतात तिथेच किंवा तिच्या शेजारी नियंत्रकाचे घर असते. बंद कपाटात, हवा न खेळणाऱ्या जागी वर्षानुवर्षे ही ऊब सोसताना सेलचे तोंड बंद करणारी पट्टी कडक होते आणि आतील द्राव सुकत जातो. त्यामुळे दोन सारख्या यंत्रणांपैकी थंड तळघरातील सेल वीस वर्षे टिकतो आणि गच्चीखालच्या गरम खोलीतील सेल आठव्या वर्षीच मान टाकतो.

आणखी एक शत्रू आपल्याकडच्या मंडळींना चांगला ओळखता येईल. गावाला निघताना घराचा मेन स्विच बंद करण्याची आपली जुनी सवय आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. परंतु बॅटरीवर विसंबलेल्या यंत्रणेच्या घरात मेन स्विच बंद झाला की सेलला रात्रंदिवस एकट्याने पहारा करावा लागतो. विक्रीसाठी रिकामे ठेवलेले घर, वर्षातून महिनाभरच उघडले जाणारे सुट्टीतील घर किंवा मालक परदेशी असलेला बंगला यांतील सेल म्हणूनच लवकर संपतात. नवा मालक मोठ्या हौसेने मेन स्विच चालू करतो, तेव्हा मेमरी केव्हाच कोरी झालेली असते.

येथे एक विरोधाभास आहे. जिथे वीज वारंवार जाते, तिथे दुबळा झालेला सेल लगेच उघडा पडतो. २००० च्या दशकात महाराष्ट्राने रोजच्या रोज तासन्‌तास भारनियमन सोसले; अशा ठिकाणी मेलेली बॅटरी आठवडाभरही लपून राहिली नसती. जिथे वीज क्वचितच जाते, तिथे मात्र सेल पाच वर्षांपूर्वी संपलेला असला तरी कुणाला पत्ता लागत नाही. मुख्य वीज चिपला सांभाळत राहते आणि सगळे सुरळीत भासते. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजपुरवठा कोलमडून बहुतेक शहर अंधारात गेले, तसा एखादा दिवस उजाडेपर्यंत हा भ्रम टिकतो. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांना थोडी अधिक मुदत मिळते इतकेच, कारण इन्व्हर्टरमुळे सेलवरचा भार टळला तरी त्याचे वय वाढायचे थांबत नाही.

धोक्याची पूर्वसूचना अजिबात मिळत नाही असे नाही. बहुतेक यंत्रणांत मेमरी आणि घड्याळ एकाच सेलवर जगतात, आणि घड्याळ चालते असल्याने त्याची भूक जास्त असते. म्हणून पहिला झटका अनेकदा घड्याळाला बसतो. जुन्या संगणकातील सेल संपला की संगणक आजची तारीख १ जानेवारी १९८० असल्याचे सांगतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. तसेच येथे घडते. वीज जाऊन आल्यावर सूर्यास्ताला लागणारे अंगणातील दिवे भर दुपारी लागू लागले, तर सेलची वेळ भरली आहे असे समजावे.

अर्थात घड्याळाची प्रत्येक चूक सेलच्या माथी मारता येत नाही. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. हा बदल पूर्वी एप्रिलच्या पहिल्या रविवारी होई आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो मागे घेतला जाई. २००५ च्या कायद्यानुसार २००७ पासून तो मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. जुन्या नियंत्रकांच्या पोटात जुनेच वेळापत्रक कोरलेले आहे. त्यामुळे मार्चमध्ये काही आठवडे आणि शरद ऋतूत आठवडाभर ते नेमका एक तास चुकतात. चूक बरोबर एका तासाची असेल तर सेल निर्दोष. चूक काहीच्या बाही असेल तर सेलकडे वळावे.

मल्टिमीटर लावून सेल तपासण्याचा मोह होतो, पण लिथियमचा सेल फसवा असतो. टॉर्चमधील साधा सेल संपत आला की त्याचा दाब हळूहळू उतरतो. लिथियमचा सेल मात्र जवळजवळ अखेरपर्यंत तीन व्होल्टच दाखवतो आणि मग एकाएकी कोसळतो. सर्वसाधारण स्टॅटिक रॅमला माहिती धरून ठेवायला किमान दोन व्होल्ट लागतात आणि वाटेतील डायोड आपला हिस्सा कापून घेतो, हे ध्यानात घेतले तर मीटरवर पावणेतीन व्होल्टच्या खाली आकडा दिसणे म्हणजे वाट पाहण्याची सोय उरलेली नाही. आकडा चांगला आला तरी फार निर्धास्त होऊ नये. सेलचा दाब पाहण्यापेक्षा त्याचे वय पाहावे हेच बरे. पेटीच्या आत बसवल्याची तारीख नसेल, तर सेल घराइतकाच जुना आहे असे धरून चालावे.

सेल बदलण्याची खरी कसोटी पुढे आहे. विजेचे काही काम करायचे तर आधी मेन स्विच बंद करा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. या कामात नेमके तेच केले तर घात होतो. मेन बंद केला आणि जुना सेल काढला की चिपला सांभाळणारे कुणीच उरत नाही. नवा सेल बसवेपर्यंतच्या दहा सेकंदांत घराची सगळी नोंदवही कोरी होते. काही बोर्डांवर एखादा कपॅसिटर काही काळ तग धरू शकतो, पण वीस वर्षांच्या कपॅसिटरच्या भरवशावर कुणी घर सोडू नये. म्हणून नियंत्रकाची कमी दाबाची वीज चालू ठेवूनच सेल बदलावा लागतो. त्याच पेटीत डिमरच्या उघड्या जोडांवर अमेरिकेत १२० आणि आपल्याकडे २३० व्होल्टचा दाब खेळत असतो. झाकण उघडल्यावर नियंत्रकाचा भाग आणि दिव्यांच्या विजेचा भाग यांच्यात पक्का पडदा नसेल, तर हे काम घरमालकाचे नाही. माहितगार वायरमनचेच आहे. नोंदवही पुन्हा लिहिता येते, माणूस नाही.

सेलला हात लावण्यापूर्वीचे काम अधिक महत्त्वाचे. यंत्रणेतील माहितीची प्रत संगणकावर उतरवून घ्यायची. हे सांगायला सोपे आहे. या यंत्रणा नव्वदच्या दशकातील, त्यामुळे त्यांची सॉफ्टवेअर डॉस किंवा विंडोज ९८ वर चालणारी आणि जोडणी नऊ पिनांच्या सीरियल पोर्टची. आजच्या लॅपटॉपला असा पोर्टच नसतो. यूएसबीचे जोडयंत्र मिळते, पण जुने सॉफ्टवेअर त्याला प्रत्येक वेळी ओळखतेच असे नाही. म्हणून या व्यवसायातील जुनी माणसे एखादा धूळ खात पडलेला लॅपटॉप मुद्दाम जपून ठेवतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे काही यंत्रणांत माहिती फक्त एकाच दिशेने जाते. संगणकावर आराखडा तयार करून तो नियंत्रकात भरता येतो, परंतु नियंत्रकातून तो परत वाचता येत नाही. मूळ फाइल कंत्राटदाराच्या फ्लॉपीवर असते आणि कंत्राटदाराचा ठावठिकाणा नसतो. या स्थितीत जुन्या सेलमध्ये टिकून असलेली प्रत हीच एकमेव प्रत उरते.

प्रत उतरवता येत नसेल, तर निदान कागद-पेन्सिल घेऊन घरभर हिंडावे. कोणते बटण दाबल्यावर कोणते दिवे किती प्रकाशाने लागतात, किती वेळाने विझतात, याची खोलीवार यादी करावी. पेटीच्या झाकणामागे चिकटवलेला तारांचा तक्ता असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. काम कंटाळवाणे आहे. एका मोठ्या घराला दोन दुपारी सहज लागतात. परंतु मेमरी गेलीच, तर नवी नोंदवही लिहिणाऱ्याला याच यादीचा आधार असतो.

सेल खोबणीत बसवलेला असेल तर उरलेले काम मिनिटभराचे आहे. नवा सेल बाजूला काढून ठेवायचा, जुना प्लॅस्टिकच्या चिमट्याने उचकटायचा आणि नवा अधिक चिन्हाची बाजू पाहून सरकवायचा. लोखंडी चिमटा दोन्ही बाजूंना एकदम टेकला तर सेल शॉर्ट होतो. बोटांचा घाम लागून गळती वाढू नये म्हणून सेल कोरड्या कापडाने पुसून घ्यावा. अंगावरची स्थिर वीज चिपला मारक ठरते, यासाठी आधी पेटीच्या धातूच्या चौकटीला हात लावावा.

खोबण नसून सेल बोर्डाला डाख देऊन बसवलेला असेल, तर प्रकरण कारागिराकडे जाते. नाण्यासारख्या सेलला थेट डाख देणे धोक्याचे आहे. तो आतून तापून फुटू शकतो. कानपट्ट्या लावलेले सेल बाजारात मिळतात, ते घ्यावेत. त्याहून बरे म्हणजे या निमित्ताने तिथे खोबणच बसवून घ्यावी, म्हणजे पुढच्या पिढीचे काम सोपे होईल. डाख देताना सोल्डरिंगची काडी तापवून तिची वीज काढायची आणि मगच बोर्डाला टेकवायची, ही जुन्या मेकॅनिकांची रीत येथे फार उपयोगी पडते, कारण बोर्ड चालू असतो आणि काडीतून झिरपणारी वीज त्याला चालत नाही. जुना सेल काढण्याआधी दुसरा सेल डायोडमधून समांतर जोडून ठेवण्याचीही पद्धत आहे. त्यामुळे मुख्य वीज ऐन वेळी गेली तरी चिप उपाशी राहत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. 'डॅलस सेमिकंडक्टर' या कंपनीने मेमरी चिप आणि लिथियमचा सेल एकाच काळ्या ठोकळ्यात बंद करून विकले. बाहेरून पाहता तो जाडसर चिपसारखाच दिसतो; आत सेल आहे याची शंकाही येत नाही. माहिती किमान दहा वर्षे टिकेल, असे कंपनीच्या माहितीपत्रकात म्हटलेले असे, आणि शब्दाला जागून त्यांपैकी अनेक ठोकळे त्याहून बरेच जास्त जगले. त्यातील सेल बदलण्याची सोय मात्र ठेवलेलीच नाही. काही हौशी मंडळी ठोकळा कानशीने घासून आतील तारा उघड्या करतात आणि बाहेरून सेल जोडतात. मेमरी जिवंत ठेवून हे साधणे जवळपास अशक्यच. शहाणा मार्ग म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राने आतील माहिती उतरवून ती नव्या ठोकळ्यात भरणे. आता 'एफरॅम' या नावाची, सेलविनाच माहिती टिकवणारी मेमरी मिळते. जुळणीचा अभ्यास करून ती बसवता आली तर बॅटरीची कटकट कायमची मिटते.

बदली सेल निवडताना 'बसतो ना खोबणीत, मग झाले' हा विचार महागात पडतो. 'एलआयआर २०३२' हा पुन्हा चार्ज होणारा सेल मापाने तंतोतंत सारखा, पण पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि तीन व्होल्टच्या सर्किटला तो झेपेलच असे नाही. याच्या उलट चूक अधिक घातक. काही जुन्या बोर्डांवर पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते आणि सर्किट तिला सतत चार्ज करत असते. तिच्या जागी लिथियमचा साधा सेल नुसता लावला तर सर्किट त्यालाही चार्ज करू पाहते आणि तो फुटू शकतो. मध्ये डायोड घालून चार्जिंग अडवल्याशिवाय हा बदल करू नये.

निकेल-कॅडमियमचा आणखी एक अवगुण म्हणजे गळती. म्हातारी झालेली ही बॅटरी अल्कधर्मी द्राव ओकते आणि तो बोर्डावरील तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. जुने 'अमिगा' संगणक जपणारे हौशी लोक याच कारणाने हळहळतात. पेटी उघडल्यावर हिरवट-निळसर पूड दिसली, तर बॅटरी ताबडतोब उतरवून तो भाग पातळ व्हिनेगरने आणि मग स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो. अशा वेळी मेमरी वाचवायची की बोर्ड, असा प्रश्न उभा राहतो, बोर्डच वाचवावा.

बॅटरीच्या जिवावर स्मृती टांगण्याची ही कल्पना केवळ दिव्यांपुरती नव्हती. जपानच्या 'कॅपकॉम' कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या व्हिडिओ गेमच्या बोर्डांत नक्कल रोखणारी गुप्त किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत ठेवली होती. सेल संपला की खेळ कायमचा बंद! शौकिनांनी तिला 'आत्मघाती बॅटरी' असे नावच ठेवले. आपल्याकडच्या कचेऱ्यांतील जुन्या ईपीएबीएक्स यंत्रांतही कोणत्या खोलीला कोणता क्रमांक, ही माहिती अशाच बॅटरीवर तगून असे. लांबलेल्या वीजखंडानंतर सगळे अंतर्गत क्रमांक पुसले गेल्याची तक्रार टेलिफोन मेकॅनिकांना नवी नाही.

यंत्रणा कोरी झालीच तर काय? मूळ फाइल हाती असेल तर जाणकार माणूस नवा सेल बसवून ती पुन्हा भरतो. फाइल नसेल तर यादीवरून नव्याने लिहावे लागते, त्यासाठी त्या जुन्या यंत्रणेचा अभ्यास असलेला माणूस शोधावा लागतो आणि असे लोक दरवर्षी कमीच होत चालले आहेत. तोही न मिळाला तर नवी यंत्रणा घेणे आले. त्यात खरी मेख तारांची आहे. बटणापासून दिव्यापर्यंत विजेची तारच टाकलेली नसल्याने अशा घरात साधे बटण बसवून काम भागत नाही. भिंती फोडून नव्या तारा ओढा, नाहीतर जुन्याच तारांवर चालेल असा नवा नियंत्रक आणि नवे डिमर घ्या, हे दोनच पर्याय राहतात आणि दोन्ही खिशाला मोठी चाट लावतात. ज्या सेलला काही दहा रुपये पडतात, त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याने हा भुर्दंड पडतो, म्हणून तो अधिकच खुपतो.

येथे एक प्रामाणिक प्रश्नही उरतो. जुनी यंत्रणा जगवावी की या निमित्ताने निरोप द्यावा? तिचे डिमर पिवळ्या तापदीपांसाठी बनवलेले आहेत. अमेरिकेत ऑगस्ट २०२३ पासून दर वॅटला ४५ ल्युमेनपेक्षा कमी प्रकाश देणारे नेहमीचे दिवे विकण्यास मनाई आहे आणि त्या जागी आलेले एलईडी जुन्या डिमरवर फडफडतात किंवा मंद करताना मध्येच विझतात. म्हणजे सेल बदलला तरी काही वर्षांत डिमरचा प्रश्न येणारच. तरीही प्रस्तुत प्रतिनिधीला असे वाटते की, बदल आपल्या सवडीने, पैसे जमवून आणि दोन-तीन जणांकडून दर मागवून करणे वेगळे आणि काळोख्या जिन्यात मेणबत्ती धरून जो भेटेल त्याला बोलावणे वेगळे. तेवढी सवड नवा सेल मिळवून देतो.

काढलेला सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो संकलन केंद्रात द्यावा. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत असे छोटे सेलही येतात. तोवर तो लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. गिळलेला नाणे-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच तिथे गंभीर भाजते, म्हणून अशी शंका येताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते. नव्या सेलची तारीख मात्र पेटीच्या झाकणावर आतून ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. शेजारी सेलचा प्रकार आणि 'मेन चालू ठेवून बदलावा' एवढे तीन-चार शब्दही पुरेत.